धर्मपालमामाची टांगती शेगडी

माझ्या धर्मपालमामाला एखादी कल्पना सुचली की घरातली एक तरी वस्तू कामातून जायची. कोंबडीच्या खुराड्याचं दार गजराच्या घड्याळाने आपोआप उघडावं, म्हणून त्याने एकदा खटपट केली. घड्याळ तर गेलंच, शिवाय कोंबडीने महिनाभर अंडं दिलं नाही. त्यामुळे दोन हजार सहा सालच्या फेब्रुवारीत, "डोंग्यावर सिगडी ठेवतो अन् मासे भाजून इकतो," असं त्याने जाहीर केलं, तेव्हा इंदूमामीने चुलीजवळची चांगली भांडी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

मी तेव्हा वणीला डी.एड. करत होते आणि दर शनिवारी मामाच्या गावी, सावरघाटला जायची. सावरघाट वर्धा नदीच्या काठावर आहे. या काठाला यवतमाळ जिल्हा, त्या काठाला चंद्रपूर, आणि मधे मामाचा डोंगा. आमच्याकडे नावेला डोंगा म्हणतात. मामाचा डोंगा अस्सल सागवानाचा होता, दहा माणसं आणि एक बकरी मावेल एवढा. बकरीला वेगळी जागा नव्हती, ती कोणाच्या तरी मांडीवर बसायची.

हा डोंगा माझ्या आजाने, मामाच्या वडिलांनी, घेतलेला. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आजा परत आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने गावकीची कामं सोडली. मेलेलं ढोर ओढणार नाही, निरोप घेऊन गावोगाव पळणार नाही. मग खाणार काय? तर गावचा एक म्हातारा ढिवर नावाडी मुलीकडे राहायला निघाला होता, त्याचा डोंगा आजाने घेतला. ज्यांनी त्याला कधी ओसरीवर चढू दिलं नव्हतं, ते आता त्याच्या डोंग्यात गुडघ्याला गुडघा लावून बसायला लागले. नदी ओलांडायची तर दुसरा इलाज नव्हता.

आजाने डोंग्यावर पाण्याचा मटका ठेवला होता. रोज सकाळी तो नदीच्या मधल्या धारेचं स्वच्छ पाणी फडक्यातून गाळून त्यात भरायचा. त्या मटक्यातलं पाणी आमची माणसं प्यायची, परगावचे प्यायचे, सावरघाटची बाकीची मंडळी प्यायची नाहीत. तीच माणसं डोंग्यातून वाकून ओंजळीने नदीचं पाणी प्यायची! त्याच नदीचं, न गाळलेलं, म्हशी बसलेलं. मला हे लहानपणी समजायचं नाही आणि मोठेपणी समजलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. पण आजाचा एक नियम होता आणि तो मामानेही पुढे चालवला. मटका भरलेला ठेवायचा, मात्र कोणाला पाणी विचारायचं नाही. ज्याला पाहिजे तो मागेल. विचारून नकार ऐकायचा नाही.

दोन हजार सहाच्या जानेवारीत नदीवर पूल झाला. पुलावरून एस.टी. सुरू झाली आणि डोंगा घाटावर नुसता बांधलेला राहिला. मामा तरीही रोज सकाळी जाऊन मटका भरायचा आणि बसून राहायचा. मामीला ते बघवेना. त्यांच्या घराला पुढचं दार नव्हतं, इतकी वर्षं बांबूचा तट्ट्या लावून भागवलं होतं. डोंग्याच्या फळ्यांचं छान दार होईल, असं तिने सुताराला विचारूनही ठेवलं होतं.

"डोंगा तोडतं?" मामाचा आवाज एकदम बारीक झाला. "बाबाचा डोंगा?"

"मंग काय त्याची आरती करू?"

तेव्हाच मामाने शेगडीची घोषणा केली. त्याने कुठेतरी ऐकलं होतं की मोठ्या धरणांवर लोक नावेत बसून गरम मासे खातात. मामी हसली नाही. ती विचार करून बोलणारी बाई होती.

"अवो, लोक तुमच्या मटक्यातलं पानी पेत नाई, अन् तुमच्या हातचा मासा खातीन?"

मग मामीनेच अट घातली. बुद्धजयंतीपर्यंत मुदत. तोवर सावरघाटच्या, आमच्या मोहल्ल्याबाहेरच्या, एका तरी माणसाने डोंग्यात बसून मामाच्या हातचं खाल्लं आणि प्यायलं, तर डोंगा राहील. नाहीतर सुतार येईल. बाहेरगावची गिऱ्हाईकं धरायची नाहीत, कारण ती आज येतील आणि उद्या येणार नाहीत, असं तिचं म्हणणं. मला ते पटलं.

पहिली शेगडी मामाने वणीहून आणली. वणी म्हणजे कोळशाच्या खाणींचं गाव. तिथे लोखंडी बादलीला आतून माती लिंपून दगडी कोळशाची शेगडी करतात. संध्याकाळी गल्लीत प्रत्येक दारापुढे एकेक शेगडी धुमसत असते, आणि धूर सरला की मगच ती घरात नेतात. मामाला इतका दम कुठला? त्याने काठावर शेगडी पेटवली आणि धुराच्या लोटासकट डोंग्यात चढवली. बरोबर मी, मामी आणि गुलाम नबी. गुलाम नबी हा मामाचा जुना दोस्त, वणीला ट्रकच्या बॉड्या जोडण्याचं त्याचं दुकान होतं.

मासा भाजून झाला. एक घास खाल्ला आणि मला वाटलं आपण मालगाडीचं इंजिन चाटलं. मामीने तिचा घास हळूच नदीला वाहिला. गुलाम नबी मात्र मिटक्या मारत होता. "बढिया झाला, धरमपाल भाऊ!" त्याचा सगळा जन्म वणीत गेलेला. त्याच्या घरी वरणालासुद्धा कोळशाचा तोच वास असायचा.

तेवढ्यात मामीने पाय वर घेतले. "पानी कायचं आलं हे?"

डोंग्याच्या फळ्यांमधल्या फटी सुतळी आणि डांबराने बुजवलेल्या असतात. पन्नास वर्षं डोंगा वल्हवणाऱ्यांच्या घरातला हा माणूस, त्याला डांबर उष्णतेने वितळतं हे सुचलं नाही! शेगडीखालचं डांबर पातळ होऊन वाहून गेलं होतं आणि नदी आत येत होती. मामा जिवाच्या आकांताने वल्हं मारायला लागला, गुलाम नबी टोपीने पाणी उपसायला लागला आणि मामी शेगडी उचलून फेकल्यासारखे हात करून ओरडायला लागली, "फेका ते धूड पान्यात!" शेगडी पाण्यात गेली. आम्ही काठाला लागलो तेव्हा पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं आणि मला हसू आवरत नव्हतं. मामीने त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या वेळेस मामाने खाली विटा ठेवून वर टोपलीएवढी मातीची चूल मांडली आणि सरपण म्हणून पऱ्हाटी आणली. कापूस वेचून झाल्यावर उरणाऱ्या त्या काड्या, आमच्याकडे चुलीत दुसरं काय जळतं? पण पऱ्हाटी भसकन पेटते आणि भसकन विझते. वाऱ्याची झुळूक आली, डोंगा कलला, चूल विटांवरून घसरली आणि मामाच्या धोतराचा सोगा पेटला. तो स्वतःहूनच नदीत उतरला, म्हणून जास्त काही झालं नाही.

मार्च संपत आला तेव्हा गुलाम नबीने मामाला वणीला बोलावून घेतलं. मीही गेले. त्याच्या दुकानाशेजारी भंगाराचा मोठा ढीग होता. त्याने ढिगाकडे बोट केलं.

"डोंगा हालते नं?"

"हालते."

"मंग सिगडी त्याच्यावर ठेवतो कायले? टांग तिले."

ढिगात कापूस मोजायचा एक जुना तराजू पडला होता. बाजारातल्या अडतीत विजेवरचे काटे आले, तसे हे साखळ्यांचे तराजू भंगारात निघाले होते. दोन जाड लोखंडी पलडे, प्रत्येकाला तीन साखळ्या. गुलाम नबीने एक पलडा आडव्या बांबूला टांगला आणि बांबू मनसोक्त हलवला. बांबू वर-खाली झाला, पलडा मात्र आपला सपाटच. आत ठेवलेला चहाचा कप सांडला नाही.

मामाने तोंडावर हात ठेवला.

मग दोघांनी मिळून शेगडी केली. डोंग्याच्या कडेला वाकवलेला पाइप बसवला आणि पलडा डोंग्याच्या बाहेर, पाण्यावर लटकेल असा टांगला. राख पडली तर नदीत, ठिणगी उडाली तर नदीत. डांबराला धग नाही, धोतराला भीती नाही. पलड्यावर जाळी पाहिजे होती, तर भंगारात पुलाच्या कामातून उरलेल्या सळ्या निघाल्या. त्या कापून, घासून त्यांची जाळी झाली. "पुलानं धंदा नेला, सळ्या तरी देल्ल्या," मामी म्हणाली. तिचा रुसवा तेवढा उतरला होता.

एकच अडचण उरली. पलडा एका बाजूला टांगला की डोंगा त्या अंगाला झुकायचा. त्यावरही उपाय तराजूतच होता. दुसरा पलडा दुसऱ्या बाजूला टांगला आणि त्यात वजन म्हणून पाण्याचा भरलेला मटका ठेवला. एकीकडे विस्तव, एकीकडे आजाचा मटका, आणि डोंगा अगदी सरळ. मामा तो काठावरून बघत उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाला, धूर गेला. शेगडी अजून पेटायची होती.

जळण म्हणून आता बाभळीचा कोळसा ठरला. तो धूर करत नाही आणि घटकाभर सारखा निखारा धरतो. मरळ मासळी साफ करून, तिला लसूण, तिखट, मीठ आणि अंबाडीचा आंबट पाला वाटून लावायचा, वर जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा आणि जाळीवर टाकायची. वाऱ्याकडे डोंग्याची शेगडीची बाजू कधी करायची नाही, नाहीतर धूर आत येतो, हे मामा दोन दिवसांत शिकला. आणि वास! पहिल्या दिवशी तो वास घाट चढून पार मारोतीच्या पारापर्यंत गेला. आमच्या मोहल्ल्यातली पोरंसोरं डोंग्यात मावेनात. गुलाम नबीने पाठवलेले ट्रकवाले आले, पुलावरून जाणारे दोन मास्तर थांबले. पण अटीत बसेल असा एकही माणूस डोंग्यात चढला नाही. पारावर बसून सगळे नुसते नाक वर करत होते.

त्या वर्षांत आमच्या भागात हसणं तसं कमीच झालं होतं. कापसाला भाव नव्हता, बोंड किडीने खाल्लं होतं, आणि सकाळी कोणाचं दार उशिरापर्यंत उघडलं नाही, तर त्याने काही करून तर घेतलं नाही ना, म्हणून शेजारी धावत जाऊन दार वाजवायचे. एप्रिलमधे, मी सुट्टीत आले होते तेव्हा, उकंडराव ठाकरे नावाचे गावातलेच एक शेतकरी घाटावर आले आणि थेट डोंग्यात येऊन बसले. मामाने डोंगा डोहात नेला. उन्हाळ्यातही आमच्या घाटावरचा डोह आटत नाही, आणि दोन्ही बाजूंना उंच दरडी आहेत. उकंडराव तासभर तसेच बसले.

"इथून वावर दिसत नाई," ते शेवटी म्हणाले. "बरं वाटते."

मग रोजच यायला लागले. मामाला मी खुणावलं, एक तुकडा दे म्हणून. मामाने मान हलवली. नियम म्हणजे नियम. चौथ्या दिवशी उकंडराव स्वतःच म्हणाले, "धरमपाल, दोन तुकडे पानात बांधून दे. माह्या कुत्र्यासाठी."

उकंडरावांकडे कुत्रा नव्हता, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. मामाने गंभीर चेहऱ्याने पळसाच्या पानात दोन चांगले तुकडे बांधून दिले. उकंडराव घाट चढले आणि बाभळीच्या झुडपाआड कुत्रा होऊन बसले. पुढे आठवडाभर गावातल्या आणखी तीन-चार माणसांनी अचानक कुत्रे पाळले.

"आता तं खाल्लं नं त्याईनं?" मामा घरी येऊन मामीला म्हणाला.

"कुत्र्यानं खाल्लं. मानसानं डोंग्यात बसून खाल्लं का? पानी पेलं का?"

मामी अशी कडक. मला तिचा फार राग आला, आणि तिला स्वतःला किती वाईट वाटत होतं ते मला नंतर कळलं. दाराची हौस तिला होतीच, पण तिला खरी भीती दुसरीच होती. नवरा पुन्हा आयुष्यभर भरलेला मटका घेऊन कोणाची तरी वाट बघत बसेल, ही.

बुद्धजयंती दोन दिवसांवर आली. सुतार करवत पाजळून ठेवल्याचं सांगून गेला. त्या दिवशी दुपारी, ऊन रणरणत असताना, मानीबाई पाटलीण काठी टेकत घाट उतरली.

मानीबाई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिचं माहेर पलीकडच्या काठावर. लग्न होऊन आली तीही याच डोंग्यातून, तो त्या म्हाताऱ्या ढिवराकडे असताना, आणि पुढे पन्नास वर्षं तो आमच्याकडे असतानाही त्यातूनच माहेरी जात आली. दर वेळेस बरोबर स्वतःचा पितळी तांब्या, पाण्याने भरलेला, वर फडकं बांधलेलं. पूल झाल्यावर ती एकदा एस.टी.ने गेली, पण तिला मोटर लागली आणि जे व्हायचं ते कंडक्टरच्या पिशवीत झालं. आता भाच्याच्या घरी बारसं होतं.

"धरम्या, पलीकडे सोड मले," ती म्हणाली. "त्या डब्ब्यात मी बसत नाई."

'धरम्या' ऐकून मी दातओठ खाल्ले. मामा पन्नाशीचा होता. पण त्याने हात देऊन तिला डोंग्यात बसवलं आणि वल्हं उचललं. शेगडीत निखारे होते, जाळीवर मरळ होती, कारण जेवणाची वेळ होती आणि आम्हालाही पोट होतं.

मध्यावर आलो तेव्हा मानीबाईने डोळ्यांवर हात धरून पलड्याकडे निरखून पाहिलं.

"हा तं अडतीतला काटा होय!"

"होय, पाटलीनबाई."

"याच्यानं माहा कापूस जनमभर मोजला मेल्यानं. दर खेपेले कमीच भरे." ती पुढे वाकली. "आता मासे भाजून राह्यला काय? बेस झालं. चांगला चटके बसू दे त्याले."

मामा हसला. मीही हसले, राग असतानाच. मासा चुरचुरत होता. तेल निखाऱ्यावर पडलं की नवी वाफ उठत होती आणि म्हातारीचं नाक तिच्या परवानगीशिवाय हलत होतं. मामाने मासा उलटला. विचारलं नाही. मी त्याच्या पाठीत डोळे रोवले तरी विचारलं नाही.

"झाला नसन का रे तो आता?" मानीबाई म्हणाली.

"झाला."

"मंग दे नं एक तुकडा. पाहत काय राह्यला?"

मामाने पळसाच्या पानावर तुकडा वाढला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, काटे काढत, नीट चावून, डोंग्यात बसून खाल्ला. काठावर मामी घागर घेऊन आली होती आणि घागर न भरताच उभी होती.

मामाच्या मसाल्याचं तिखट म्हणजे वऱ्हाडी तिखट. म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. तिने हाशहुश करत तांब्याचं फडकं सोडलं, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मे महिन्याचं ऊन, पितळेचा तांब्या. पाण्याचा काढा झाला होता. तिने तांब्या डोंग्याबाहेर धरून सगळं पाणी नदीत ओतून दिलं. मग ती नदीकडे वाकेल, ओंजळ भरेल, असं मला वाटलं. सावरघाटची बाकीची मंडळी पन्नास वर्षं तेच करत आली होती.

तिने तांब्या मामापुढे धरला.

"मटक्यातलं टाक याच्यात."

मामाने वल्हं खाली ठेवलं. तो डोंग्याच्या दुसऱ्या बाजूला गेला, मटक्यात ओगराळं बुडवलं आणि तांब्यात पाणी ओतलं. मानीबाईने तांब्या वर करून घटाघटा पाणी प्यायलं. मधे थांबली, दम घेतला, पुन्हा प्यायलं. पदराने तोंड पुसलं आणि मामाकडे पाहत राहिली.

"लयच थंड आहे रे," ती म्हणाली. "इतक्या वर्साचं सांगतलं काहून नाई?"

मला खूप काही बोलायचं होतं. पण मामाने तिच्या हातातला रिकामा तांब्या घेतला, पुन्हा काठोकाठ भरला आणि शांतपणे फडकं बांधून दिला.

"तुमी पुसलंच नाई, पाटलीनबाई."

मानीबाईने तांब्या मांडीत घेतला आणि पलीकडचा काठ येईपर्यंत त्यावर हात ठेवून बसली. उतरताना एवढंच म्हणाली, की परवा परत यायचं आहे, आणि दुसरी मरळ जरा कमी तिखट कर, धर्मपाल.

आम्ही परत आलो तेव्हा मामी पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरून उभी होती. तिने डोंग्याचं टोक धरून तो स्वतः काठाला ओढला. "सुताराले सांगा, नको येऊ म्हनून," ती म्हणाली, आणि मग तोंड फिरवून घागर भरायला लागली. ती घागर भरायला तिला फार वेळ लागला.

तट्ट्याच्या जागी पुढच्या वर्षी गुलाम नबीने टिनाचं दार जोडून दिलं. ते उघडताना अजूनही अख्ख्या मोहल्ल्याला कळतं. उकंडरावांचा कुत्रा मेला, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं आणि डोंग्यात बसून खायला लागले. मामा मात्र त्या उन्हाळ्यापासून एका गोष्टीने फार वैतागला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाजवळ त्याची तक्रार करायचा. आजाच्या काळात मटका सकाळी एकदा भरला की दिवस निघायचा. आता तो दिवसातून तीनदा भरावा लागतो.